दगड काढून चित्र घडवताना : पाताळेश्वराच्या लेण्यावरून एक अमूर्त चित्र

प्राचीन वारशावरून सुचलेली म्हणून जी आधुनिक चित्रे प्रदर्शनांत मांडली जातात, त्यांतल्या अनेकांची घडण ठरावीक असते. खरबरीत तपकिरी पार्श्वभूमी, तिच्यावर एखादा ओंकार किंवा स्वस्तिक, अजिंठ्याच्या पद्मपाणीची बाह्यरेषा आणि एका कोपऱ्यात थोडा सोनेरी वर्ख, एवढे जमले की चित्र तयार होते. अशा चित्रातले ओळखीचे चिन्ह झाकून पाहिले, तर बहुधा मागे केवळ खरबरीतपणा उरतो. चिन्ह वाईट असते असे माझे म्हणणे नाही. पण ते उसने घेतलेले असते आणि पाहणाऱ्याच्या मनात त्याचा अर्थ आधीच ठरलेला असल्यामुळे चित्रकाराला करण्यासारखे फारसे शिल्लक राहत नाही.

या लेखातली पद्धत वेगळी आहे. वारशातली आकृती न उचलता ती वस्तू ज्या रीतीने घडली ती रीत उचलायची आणि रंगांत राबवायची, असा तिचा गाभा आहे. उदाहरणासाठी मी पुण्यातल्या जंगली महाराज रस्त्यावरचे पाताळेश्वर निवडले आहे, कारण ते शहराच्या मध्यावर आहे आणि त्याची घडण एका वाक्यात सांगता येते: ते बांधलेले नाही, तर दगड काढून घेऊन उरवलेले आहे. त्यामुळे आपले चित्रही रंग चढवण्यापेक्षा रंग काढण्यातून घडवायचे आहे.

एकच वस्तू निवडा

‘भारतीय संस्कृती’ हा चित्राचा विषय होऊ शकत नाही. एक खांब, एक मडके किंवा एक शिलालेख होऊ शकतो. पुण्याच्या परिसरात निवडीला तोटा नाही. मळवली स्थानकावर उतरून कार्ल्याला गेलात, तर चैत्यगृहात सदतीस खांब आहेत. दोन्ही बाजूंच्या पंधरा-पंधरा खांबांना घटाचे पायथे आणि प्राण्यांवर बसलेल्या जोड्यांचे शीर्षभाग आहेत, तर स्तूपामागच्या सात खांबांना यांतले काहीच नाही. ते साधे अष्टकोनी खांब आहेत. म्हणजे लय चालत येते आणि स्तूपाला वळसा घालताना एकदम गप्प होते. अमूर्त चित्रासाठी ही एवढी एकच गोष्ट वर्षभर पुरेल.

शिरूर तालुक्यातल्या घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगातली वस्ती उजेडात आली. तिथली जोर्वे पद्धतीची भांडी इसवी सनापूर्वी सुमारे १४०० ते ७०० या काळातली आहेत. तांबूस अंगावर काळ्या रंगातल्या भौमितिक रेघा, मध्येच कंगोरा घेऊन वळणारा वाडगा आणि तोटीचे भांडे अशी त्यांची ओळख सांगता येते. यांतल्या रेघांची नक्कल करू नये. रेघ कंगोऱ्यापाशी कशी थांबते, भांड्याचा कोणता भाग मुद्दाम कोरा ठेवला आहे आणि चाकावर फिरणाऱ्या अंगाला आडव्या पट्ट्या का सोयीच्या पडल्या असाव्यात, हे पाहावे.

निवड झाली की बाकीचे सगळे बाजूला ठेवावे. पाताळेश्वर आणि वारली आणि मोडी अशी मिसळ पहिल्या चित्रात करू नये. मिसळ खायला चांगली लागते, पण तिच्यात मटकीची चव वेगळी काढून सांगता येत नाही.

जागेवर तीन फेऱ्या

पाताळेश्वर हे राष्ट्रकूटकाळातले, साधारण आठव्या शतकातले शैव लेणे आहे. अंगण रस्त्याच्या पातळीच्या खाली आहे आणि अंगणाच्या मध्यावर गोलाकार नंदीमंडप उभा आहे. हा मंडप पाहताना एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे: तो अंगणात आणून ठेवलेला नाही, तर अंगण खोदताना त्याच्या जागेचा दगड तेवढा शिल्लक ठेवलेला आहे. छत, जाड चौकोनी खांब आणि पायाखालची जमीन हा सगळा एकच कातळ आहे. लेण्याचे काम पूर्ण झालेले नाही, हेही तिथे फिरताना जाणवते.

पहिल्या फेरीत काहीही काढू नये आणि मोबाइलही खिशातच ठेवावा. अर्धा तास बसावे, छतावर उजेड कुठून येतो आणि कुठे संपतो ते पाहावे, आणि घरी येऊन आठवणीतून एक रेखाटन करावे. आठवणीतून सुटलेले तपशील बहुधा चित्राला नको असलेलेच असतात, त्यामुळे हे पहिले वेडेवाकडे रेखाटन फेकू नये; मला ते शेवटी सर्वांत उपयोगी पडले आहे.

दुसऱ्या फेरीत आठ इंची वही, ६बी पेन्सिल आणि कोळशाची कांडी घेऊन जावे. या खेपेला खांब काढायचे नाहीत; दोन खांबांमधली पोकळी काढायची आहे. हे वाटते तितके सोपे नाही, कारण डोळा सारखा वस्तूकडे धावतो. त्यासाठी एक युक्ती करावी. कागदावर आधी कोळशाचा सपाट करडा थर चोळावा आणि मग जिथे उजेड आहे तिथला कोळसा खोडरबराने काढत जावे. खांब आपोआप उरतात. मी हे पहिल्यांदा केले तेव्हा मंडपाच्या दोन खांबांमधली फट वर रुंद आणि खाली निमुळती निघाली, आणि मला वाटले की हात चुकला. परत पाहिले तेव्हा कळले की मागच्या लेण्याचा अंधार त्या फटीत वर चढत आला होता आणि रबर वरच्या उजेडापुरतेच फिरले होते. पोकळीला स्वतःचा आकार असतो आणि तो दिवसभर बदलत राहतो, हे मला त्या दिवशी पटले. अशी वीस-वीस मिनिटांची किमान सहा रेखाटने व्हावीत.

तिसरी फेरी रंगासाठी करावी. बसाल्ट काळा असतो असे आपण म्हणतो, पण ओल्या सावलीत तो निळसर करडा दिसतो, हात लागून गुळगुळीत झालेल्या कडांवर तेलकट तपकिरी होतो, आणि लोह गंजते तिथे त्याला तांबूस डाग पडतात. वहीत रंगाचे नाव लिहू नये, तुलना लिहावी: ‘विझलेल्या चुलीच्या राखेपेक्षा गडद’, ‘लोखंडी तव्याच्या पाठीसारखा’. घरी रंग मिसळताना नावापेक्षा तुलना अधिक कामाला येते.

एक सूचना आवश्यक आहे. हे संरक्षित स्मारक आहे आणि पूजेची जागाही आहे. कोरीव भागावर कागद ठेवून घासून ठसा घेणे, खडूने खुणा करणे किंवा दगडाचा कपचा उचलणे यांतले काहीही करू नये. ट्रायपॉड लावून छायाचित्रण करायचे असेल तर आधी परवानगी घ्यावी लागते. गावाकडच्या एखाद्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावर जुनी खापरे विखुरलेली दिसली, तरी ती पोतासाठी म्हणून घरी आणू नयेत, कारण जागेवरून हलवलेले खापर अभ्यासकाच्या दृष्टीने मुके होते.

रेखाटनातून रचना

घरी आल्यावर सहा रेखाटने जमिनीवर मांडावीत आणि त्यांत पुन्हा पुन्हा येणारे काय आहे ते शोधावे. माझ्या बाबतीत तीन गोष्टी उरल्या: वरचा जड आडवा भार, त्याखाली असमान अंतरावर येणारे उभे अंधार, आणि पूर्ण न दिसणारे वर्तुळ. बाकी सगळे मी सोडून दिले. नंदीही सोडला, आणि त्याबद्दल घरात थोडी नाराजीही झाली.

यानंतर काळा कार्डपेपर घेऊन कात्रीने हे तीन घटक कापावेत आणि पांढऱ्या कागदावर सरकवून पाहावेत. पेन्सिलीपेक्षा कात्री बरी, कारण कात्रीला छटा आणि तपशील देता येत नाहीत. प्रत्येक मांडणी मोबाइलवर टिपावी आणि उलटी करून पाहावी. उलटी केल्यावरही जड भाग जडच वाटत असेल, तर रचना स्वतःच्या पायावर उभी आहे. उलटी केल्यावर ती एकदम अर्थहीन झाली, तर आपण अजून देवळाचे चित्रच काढत आहोत असे समजावे.

चित्रकार वासुदेव गायतोंडे यांना आपल्या चित्रांसाठी ‘अमूर्त’ हा शब्द पसंत नव्हता. ते त्यांना वस्तुनिरपेक्ष म्हणत. त्यांच्या रोलर आणि पॅलेट नाइफच्या कामात थरांखालून उजेड येतो, पण तो कोणत्याही दृश्याचा उजेड नसतो. आपण ज्या वाटेने निघालो आहोत ती त्यांची वाट नव्हे, कारण आपण एका वस्तूपासूनच सुरुवात केली आहे. तरीही शेवटी चित्राने त्या वस्तूच्या आधाराविना उभे राहावे, एवढी अपेक्षा त्यांच्याकडून घ्यायला हरकत नाही.

फळी, माती आणि बांधणी

या कामासाठी कॅनव्हास सोयीचा नाही. खरवडताना तो दबतो आणि मागच्या चौकटीची रेघ पुढे उमटते. सहा मिलिमीटर जाडीचा, २४ बाय ३० इंचांचा प्लायवूड सुताराकडून कापून घ्यावा आणि तो वाकू नये म्हणून मागे लाकडी पट्ट्या बसवून घ्याव्यात. कडा आणि मागची बाजूसुद्धा प्रायमरने बंद करावी, नाहीतर पावसाळ्यात फळी ओल धरते. पुढच्या बाजूला अ‍ॅक्रिलिक प्रायमरचे दोन हात द्यावेत. तिसऱ्या हातात चाळलेली संगमरवराची पूड मिसळावी. तीन भाग प्रायमरला एक भाग पूड पुरते. हा थर लांबी (पुट्टी) ओढायच्या पत्र्याने द्यावा, ब्रशने नाही, कारण ब्रशचे केस एकाच दिशेने ओरखडे पाडतात आणि ते शेवटपर्यंत दिसत राहतात.

रंगांपैकी दोन मातीचे रंग घरी करण्यासारखे आहेत: गेरू आणि पिवळी माती. अजिंठ्याच्या चित्रांतही तांबडी व पिवळी माती आणि काजळी हेच मुख्य रंग होते. निळ्यासाठी मात्र बाहेरून आलेला लाजवर्द हा निळा दगड वापरलेला आढळतो. गेरूचे खडे पूजासाहित्याच्या किंवा काष्ठौषधीच्या दुकानात मिळतात. विकत घेण्याआधी चिमूटभर पूड ओल्या टिपकागदावर टाकून पाहावी. भोवती भडक रंगाचे वलय पसरले, तर त्यात विरघळणारा रंग मिसळला आहे असे समजावे.

साधारण शंभर ग्रॅम गेरू खलात कुटून अर्धा लिटर पाण्यात ढवळावा आणि मिनिटभर थांबावे. रेव तळाशी बसली की वरचे रंगीत पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यावे आणि ते रात्रभर झाकून ठेवावे. सकाळी वरचे नितळ पाणी काढून टाकले की खाली लोण्यासारखा मऊ गाळ मिळतो, आणि तोच आपला रंग. सुकी पूड हाताळताना नाकातोंडावर मास्क असावा. कागदावर काम करायचे असेल तर बाभळीच्या डिंकाचे पाणी बांधणीला, म्हणजे रंगाचे कण धरून ठेवायला, चालते. फळीवर जाड थरात मात्र डिंक तडकतो आणि ओल्या फडक्याने परत सुटतो, म्हणून तिथे अ‍ॅक्रिलिक माध्यम वापरावे. ओला गाळ आणि माध्यम समसमान घेऊन एक पट्टा ओढावा, तो सुकू द्यावा आणि मग बोटाने चोळावा. बोटाला पूड लागली तर माध्यम वाढवावे. पट्टा प्लॅस्टिकसारखा चकाकला तर गाळ वाढवावा.

करड्या रंगासाठी तयार काळा वापरू नये, तो चित्रात भोक पाडतो. बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन निळा मिसळून त्यात थोडा पांढरा घालावा. निळा वाढवला की सावलीतला दगड मिळतो आणि अंबर वाढवला की हात लागलेली कड मिळते.

थर चढवणे आणि उतरवणे

इथे घाई केली तर आधीची सगळी मेहनत वाया जाते, म्हणून हा भाग सावकाश सांगतो.

पहिला थर पिवळ्या मातीचा द्यावा, त्यात पांढरा मिसळून तो उजळ करावा. चित्रातला सगळा उजेड याच थरातून येणार आहे, त्यामुळे तो अंधारायला नको. तो चोवीस तास सुकू द्यावा. मग केवळ पारदर्शक अ‍ॅक्रिलिक माध्यमाचा एक पातळ हात द्यावा आणि तोही पूर्ण सुकू द्यावा. या हाताला मी कुलूप म्हणतो. माझ्या पहिल्या फळीवर मी कुलूप न लावता दुसऱ्याच दिवशी वरचा थर खरवडायला घेतला. जुलैचा महिना होता, खालचा थर वरून कोरडा वाटत असला तरी आतून ओला होता, आणि पत्र्याच्या पहिल्याच ओढीत पिवळा, पांढरा आणि प्रायमर असे सगळे साल निघाल्यासारखे लाकडापर्यंत निघून आले. ती फळी अजून माझ्याकडे आहे, तिच्यावर मी आता रंग मिसळतो.

दुसरा थर गेरूचा द्यावा, पण तो सगळीकडे सारखा नसावा. जिथे पुढे कडा येणार आहेत तिथे जाड आणि इतरत्र पातळ असावा. तो अर्धवट ओला असतानाच ओल्या फडक्याने काही भाग पुसून खालचा पिवळा थोडा दिसू द्यावा. पुन्हा चोवीस तास थांबावे आणि पुन्हा कुलूप लावावे.

तिसरा थर दगडाचा, म्हणजे करडा. तो पत्र्याने दोनेक मिलिमीटर जाड आणि पूर्ण फळीभर द्यावा, अगदी कडेपर्यंत. या क्षणी तुमच्यासमोर कातळ आहे आणि त्यात अजून काहीही नाही. आता कापलेल्या कागदांची मांडणी समोर ठेवून पोकळ्या कोरायला घ्यायच्या. मे महिन्यात पुण्याच्या कोरड्या हवेत हा थर दहा मिनिटांत ओढ धरू लागतो आणि पावसाळ्यात अर्धा तासही मिळतो, म्हणून बोटाने कडेला दाबून पाहावे. बोटाला रंग चिकटतो पण ओघळत नाही, ही खरवडण्याची योग्य वेळ आहे.

सुरुवात वरून करावी. लेणी कोरणारे कारागीर छताकडून खाली येत, कारण त्यामुळे उभे राहायला न कोरलेला कातळच पायाखाली मिळे आणि परांची बांधावी लागत नसे. फळीवर परांचीचा प्रश्न नाही, पण वरून आल्यामुळे दुसरा फायदा होतो: जड आडवा भार आधी ठरतो आणि खालच्या पोकळ्या त्याच्या हिशेबाने रुंद-अरुंद होतात. रुंद पोकळीसाठी लांबीचा पत्रा वापरावा, अरुंद फटीसाठी बाद झालेले बँकेचे कार्ड हव्या त्या रुंदीचे कापून घ्यावे. प्रत्येक ओढ एकदाच आणि न थांबता करावी, आणि पत्र्यावर आलेला रंग लगेच फडक्याला पुसावा. तीच जागा पुन्हा पुन्हा घासली की गेरू आणि करडा मिसळून चिखल होतो.

एका ओढीत काय घडते ते जवळून पाहण्यासारखे आहे. पत्रा टेकतो तिथे करड्याची बारीक कड उचलली जाते, मधे गेरू उघडा पडतो, आणि पुडीच्या खरबरीत थराच्या खळग्यांत करडे कण अडकून राहतात. ओढ संपते तिथे काढलेल्या रंगाची एक वळकटी साचते. ती वळकटी पुसून टाकण्याचा मोह होतो, पण पुसू नये. पाताळेश्वराच्या अपूर्ण भागात छिन्नीचे काम जिथे थांबले आहे, तिथेही दगड असाच जाड राहिला आहे.

थर पूर्ण वाळल्यावर दुसऱ्या दिवशी २२० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात बुडवून काही कडा घासाव्यात. ओले घासल्याने धूळ उडत नाही आणि करड्याखालचा गेरू, त्याखालचा पिवळा असे पट्टे हळूहळू उघडे होतात. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे हात लागून देवळाच्या उंबऱ्याची कड जशी झिजते, तशी ही झीज दिसली पाहिजे. म्हणून जिथे हात पोहोचला असता तिथेच घासावे. वरच्या आडव्या भारावर झीज दाखवली तर ती खोटी वाटते.

अपुरे वर्तुळ मी सर्वांत शेवटी घेतो आणि ते कधीही कंपासने काढत नाही. खिळ्याला सुतळी बांधून सुतळीच्या दुसऱ्या टोकाला कार्डाचा तुकडा धरावा आणि जेमतेम तिसरा हिस्सा कोरून थांबावे.

अक्षरे वापरायचीच असतील तर

अनेकांना ब्राह्मी किंवा मोडी अक्षरे चित्रात घालण्याची हौस असते. चित्रकार के. सी. एस. पणिक्कर यांनी १९६३पासूनच्या चित्रमालेत अक्षरसदृश खुणा, आकडे आणि कोष्टके वापरली, पण त्या खुणा वाचण्यासाठी नव्हत्याच. खरी लिपी वापरायची असेल, तर काय लिहिले आहे ते जाणकाराकडून वाचून घ्यावे. माझ्या परिचयातल्या एकाने दिवाणखान्यात लावलेले ‘ध्यान’ नावाचे चित्र एका मोडी वाचणाऱ्या पाहुण्याने सहज वाचले, आणि तो व्याजासकट परतफेडीचा कर्जरोखा निघाला.

मोडीतून अक्षरांपेक्षा तिची रीत घेणे मला अधिक फलदायी वाटते. आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेघ ओढायची आणि मग हात शक्यतो न उचलता खाली अक्षरे लटकवत जायची, हा तिचा क्रम आहे. एकही अक्षर न काढता हा क्रम ब्रशने पाळून पाहा. त्यातून लय मिळते.

थांबणे आणि पुढचे व्यवहार

चित्र भिंतीला टेकवून आठवडाभर ठेवावे आणि येता-जाता पाहावे, समोर बसून पाहू नये. ज्या जागेकडे नजर दर वेळी अडखळते ती जागा एक तर बिघडलेली असते किंवा चित्राचा प्राण असते. त्यामुळे लगेच दुरुस्ती करू नये. वॉर्निश मॅट घ्यावे, चकाकीने दगडाचा पोत मरतो. चौकट साधी असावी. शीर्षकात ‘पाताळेश्वर’ हा शब्द घालू नये, असे माझे मत आहे, कारण तो वाचल्यावर पाहणारा खांब शोधू लागतो.

शेवटी फळी उलटी करून मागे पेन्सिलीने तारीख, थरांचा क्रम, कोणत्या थरात घरची माती आहे, तिच्यात बांधणीला काय घातले आहे आणि वॉर्निश कोणते आहे, हे सगळे नोंदवून ठेवावे. बॉलपेनची शाई काही वर्षांत फिकट होते किंवा पसरते, पेन्सिल तशीच राहते, आणि चित्राला पुढे कधी तडा गेला तर दुरुस्त करणाऱ्याला आधी ही पाठच वाचावी लागेल.